तुळसाची परीक्षा आणि माझी जपमाळ

॥ श्री वेळणेश्वर प्रसन्न ॥

रत्नागिरी,
ता. २४ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. अक्कास,

धाकट्या मालनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. ती. भावोजींनाही सांगणे. आम्ही सारी देवाच्या कृपेने ठीक आहोत, तशी तुम्हीही असाल, पण तुझ्या गुडघ्याचे काय झाले ते तू मागच्या पत्रात लिहिलेच नाहीस. भावोजींच्या पथ्याबद्दल दोन पाने लिहिलीस आणि स्वतःच्या गुडघ्याला एक ओळही दिली नाहीस, त्यावरून तो दुखत असणार हे मी ओळखले. निरगुडीचा पाला गरम करून बांध. तिकडे विकत घ्यावा लागत असेल तर घेऊ नकोस, मी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते. आमच्या कुंपणाला फुकट आहे. कागद पाहून हसू नकोस. ह्यांच्या ऑफिसातले जुने तारेचे फॉर्म रद्दीत जायचे होते, त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. कोरी पाठ असताना नवा कागद घेणे माझ्या हातून होत नाही.

तर मूळ मुद्दा. तू लिहितेस की अंगणातल्या तुळशीची लग्ने लागली, आता आपल्या तुळसाचे कधी? दादरच्या त्या बँकेतल्या मुलाकडची माणसे वाट पाहताहेत. तेव्हा कामाच्या परीक्षेत यमुनाबाईंनी तिला पसंत केले तर बघू, आणि नापास केले तर मालन, तिचा गाशा गुंडाळून तू स्वतः तिला गाडीत बसवून दे. अक्का, यमुनाबाई येऊन गेल्या. गेल्या गुरुवारी परीक्षा झाली. निकाल सांगते, पण क्रमाने सांगते. (शेवटचे पान आधी काढून वाचू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे. मुद्दामच पानांवर आकडे घातलेले नाहीत.)

आधी तुला तुझ्या मुलीचे काम काय ते सांगते, कारण तू अजून सगळ्यांना सांगतेस की ती तोतऱ्या मुलांची शिकवणी घेते. तसे नव्हे. इथल्या धर्मादाय दवाखान्याने तिला मागची खोली दिली आहे, पूर्वी तिथे सायकली ठेवीत. अडखळणारी मुले येतात हे खरे, पण कुणाला अर्धांगाचा झटका येऊन शब्द गेलेले असतात, कुणाच्या घशाचे ऑपरेशन झालेले असते. त्यांना बोलते करायचे ते हिने. गावात तिला ‘बोलवणारी बाय’ म्हणतात. (तिकडे कॉलेजात ती ‘तुलसी’ म्हणवून घ्यायची हे मला तिच्या मैत्रिणींच्या पाकिटांवरून कळले. इथे आल्यावर ती पुन्हा तुळसा झाली. आपल्या आईचे नाव आहे, टाकायचे कशाला?)

आणि यमुनाबाई म्हणजे तिच्या गुरू. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी जन्म काढला. नव्या मुलींना परीक्षा पास झाल्या झाल्या असे दूरच्या गावी एकटे सोडले की त्या घाबरतात, चुकतात आणि मग लग्न करून मोकळ्या होतात, म्हणून बाई अशा मुलींना वर्षभर हाताशी धरतात. फी घेत नाहीत. दर आठवड्याला तुळसाने सगळ्या पेशंटांची हकीकत लिहून धाडायची, आणि बाई समासात तांबड्या शाईने लिहून ती परत पाठवणार. मला वाटले, तांबड्या शाईत उपाय लिहिलेले असतील. कसले काय! तुळसा विचारते, बाई, या पेशंटचे काय करू? समासात उत्तर, “तुला काय वाटते?” पुढच्या आठवड्यात ती लिहिते, मला असे असे वाटते. समासात, “का वाटते?” आता तूच सांग, गुरूने शिष्यालाच विचारायचे तर टपालाचा खर्च कशाला? माझ्या शिवणाच्या बाईंना मी विचारले होते, गळा किती खोल कापू, आणि त्यांनी “तुला काय वाटते” म्हटले असते तर आज घरात एकही पोलके घालण्याजोगे नसते. पण तुळसा ती पत्रे छातीशी धरून बसे. रडेसुद्धा. मी काही बोलले नाही. (म्हणजे बोलले, पण तिने ऐकले नाही.)

एक गोष्ट मात्र बाईंनी विचारली नाही, सरळ लिहिली. ती म्हणजे तुळसाचा दोष. अक्का, हा दोष आपल्या माहेरचा आहे, तेव्हा रागावू नकोस. आपल्या घरात कोणी आपले वाक्य आपण पुरे केल्याचे तुला आठवते? आबांनी “आज बाजारात” म्हटले की आई म्हणायची “सुरमई नव्हती”, आणि तू म्हणायचीस “म्हणून तुम्ही तिसऱ्या आणल्यात”, आणि मी तोवर त्या धुवायला घेतलेल्या असायच्या. आबा तसेच तोंड उघडे ठेवून उभे. तुळसा त्याच बीजाची. तिच्यापुढे माणूस एखाद्या शब्दासाठी कासावीस झाला की तिला बघवत नाही, ती शब्द देऊन टाकते. प्रेमाने देते गं. तहानलेल्याला पाणी द्यावे तसा. बाईंनी लिहिले, “शब्द तू दिलास तर तो तुझा. त्याचा त्याला सापडू दे. विचार आणि गप्प राहा. गप्प राहणे आले नाही तर यातले तुला काहीच आले नाही. नोव्हेंबरात मी येईन, एवढेच बघेन.”

परीक्षा ही एवढीच! मी म्हटले, हे तर सोपे. पण तुळसाचा चेहरा उतरला. कारण तिच्याकडे मिऱ्याचा भिकाजी नावाचा म्हातारा येत असे, बाई बघायला बसणार होत्या त्या त्याच्याच समोर. भिकाजी जन्मभर मासे पारखून घेत आला. मिरकरवाड्याच्या लिलावात त्याच्या एका शब्दावर पाट्या उचलल्या जात. चतुर्थीच्या सुमारास उजवे अंग गेले आणि त्याबरोबर बोलणेही. बरोबर त्याची बायको येसूबाई. तुळसाने विचारावे, आजोबा, आज काय खाल्लंत? भिकाजी तोंड उघडतो न उघडतो तोच येसूबाई, “पेज खाल्ली! ते काय बोलनार बाय, मी हाय ना!” येसूबाईकडून एखादा शब्द राहिलाच तर तो तुळसा पुरवणार. दोघींच्या मध्ये तो म्हातारा आपल्या आबांसारखा बसून राही.

मग मी उपाय काढला. गप्प राहायचे तर हाताला काहीतरी काम हवे हे मला अनुभवाने ठाऊक. (मी भाजी निवडत असले की तेवढा वेळ कुणाबद्दल बोलत नाही.) मी तिला माझी रुद्राक्षाची जपमाळ दिली. म्हटले, विचारून झाले की टेबलाखाली मणी ओढत राहा, मनात देवाचे नाव घे, समोरचा बोलेपर्यंत थांबू नकोस. तिला गंमत वाटली, पण ती माळ घेऊन घरी सराव करायचे तिने ठरवले. आणि सराव कुणावर, तर ह्यांच्यावर.

ह्यांचे तुला माहीत आहेच. वीस-बावीस वर्षे तारऑफिसात काढलेला माणूस, शब्दाला पैसे पडतात हे रक्तात भिनलेले. मी समजत होते की ह्यांना बोलायला आवडत नाही, म्हणून ह्यांच्या वाटचे मीच बोलते. तर त्या दिवशी पानावर तुळसाने विचारले, “काका, भाजी कशी झालीय?” दुधीची होती. मी लगेच म्हणणार होते, आवडलीय, दुधी ह्यांचा जीव की प्राण. तुळसाने डाव्या हाताने मला गप्प बसायची खूण केली आणि उजव्या हाताने मणी ओढायला लागली. हे वर बघेनात. मणी चालले. मग वर बघितले. माझ्याकडे, मग तिच्याकडे. कोणीच काही बोलत नाही हे पाहून जरा घाबरले असावेत. मग म्हणाले, “मला... दुधी... आवडत नाही. कधीच... आवडला नाही.”

अक्का, परसात वेल आहे. लग्नापासून मी या माणसाला दुधी घालते आहे.

मी म्हटले, मग बोलला का नाहीत? तेव्हाही तुळसाने मणी ओढले. हे म्हणाले, “बोलत... होतो.”

त्यानंतर धरणच फुटले म्हण ना. म्हणजे भरभर नाही, ह्यांचा वेग एस्टी घाट चढते तसाच. पण रोज संध्याकाळी तुळसा एक प्रश्न विचारी, माळ ओढी आणि हे बोलत. शेजारच्यांच्या ज्या लग्नाचे आम्ही वीस वेळा कौतुक केले तिथल्या जेवणात ह्यांना विष्ठेसारखा वास आला होता (क्षमा कर, शब्द ह्यांचा). खिडकीखाली झोपायला ह्यांना आवडत नाही, वारा लागतो. एकदा एका म्हातारीची तार आली, “मुलगा सुखरूप”, ती द्यायला शिपाई नव्हता म्हणून हे स्वतः पावसात चालत कुवारबावापर्यंत गेले होते आणि म्हातारीने ह्यांना गूळ-पाणी दिले. हे मला ठाऊकच नव्हते! त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी ह्यांना बोलले होते ते मात्र मला नीट आठवते. मी ऐकत बसे. खोटे कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला. माझे सगळे ऐकून झालेले आहे, ह्यांचे सगळे नवे.

इकडे दवाखान्यात त्या माळेने वेगळाच घोळ केला. टेबलाखाली तुळसाचा हात हलतो, ओठ हलतात, ती काही बोलत नाही आणि समोरचा मात्र बोलतो! येसूबाईने हे मिऱ्यावर सांगितले, मिऱ्यावरून ते मासळीच्या पाट्यांबरोबर बाजारात आले आणि बाजारातून एस्टीने लांज्यापर्यंत पोचले की रत्नांग्रीच्या बोलवणाऱ्या बायला मंत्र येतो. झाले. लोक नारळ घेऊन यायला लागले. लांज्याचा एकजण काजूगर घेऊन आला, त्याचे बोलणे ठणठणीत होते, त्याला त्याच्या भावाने खरे बोलावे असा मंत्र हवा होता. एक बाई म्हैस पान्हवत नाही म्हणून आली. तुळसा जीव तोडून सांगे, मंत्र नाही हो, मी फक्त थांबते. लोक म्हणत, हां, हां, मंत्र कोणी सांगतं काय! जाताना नारळ ठेवून जात. ते मी घरी आणले. हिशेबात कुठे लिहायचे कळेना, दक्षिणा म्हणावी तर दक्षिणा नाही, विकत घेतले म्हणावे तर तसेही नाही. शेवटी ‘देवाघरचे’ असे नवीन सदर काढले आणि वड्या केल्या.

बाईंचा दिवस जवळ आला तशी तुळसाची झोप उडाली. मी वेळणेश्वराला नवस बोलले. नवस बोलताना सोन्याचांदीचा बोलू नये हे मी आईकडून शिकले. देव तोलत नाही आणि आपल्याला पुरवत नाही. म्हणून मी बिनखर्चाचा नवस बोलले. काय तो शेवटी सांगते.

गुरुवारी बाई रातराणीने उतरल्या आणि घरी न येता स्टँडवरून थेट दवाखान्यात गेल्या. बुटक्या, खादीचे पातळ, चष्म्याला काळी दोरी. खोलीत शिरताच त्यांना कोपऱ्यात नारळांची रास दिसली. (सकाळचे होते, मी अजून उचलले नव्हते.) म्हणाल्या, “हे काय?” तुळसा म्हणाली, “पेशंट ठेवतात.” बाई म्हणाल्या, “का?” बघ, पुन्हा तेच. तुळसाने सगळे खरे सांगितले, माळसुद्धा दाखवली. बाईंनी फक्त चष्मा पुसला. तुळसा म्हणते, तांबडी शाई परवडली, पण त्यांचे चष्मा पुसणे नको.

आता खरा घोळ ऐक. सकाळी पहिला पेशंट लांज्याचा एक दुकानदार यायचा होता, नवा, अडखळणारा. त्याची गाडी चुकली असावी. त्याच वेळेला हे ऑफिसच्या चहाच्या सुटीत तुळसाचा डबा घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. तुळसा नळावर तांब्या भरायला गेली होती. बाईंनी दार उघडून म्हटले, “या, आत या.” बाईमाणसाने या म्हटले की हे जातात. म्हटले, “बसा.” बसले. तुळसा तांब्या घेऊन परत येते तो हे खुर्चीत आणि बाई समोर. ती काही बोलणार तोच बाईंनी तळहात दाखवून तिला गप्प बसवले, आणि आपली परीक्षा गप्प बसण्याचीच आहे हे आठवून ती बापडी तांब्या धरून गप्प बसली.

बाईंनी विचारले, “बोलायला हे असं कधीपासून होतंय?”

ह्यांनी विचार केला. बाई थांबल्या. त्या काय, कल्पान्तापर्यंत थांबतील. मग हे म्हणाले, “लग्न... झाल्यापासून.”

बाईंनी ते लिहून घेतले. आणि अक्का, नेमकी तेव्हाच मी पोचले, कारण सोलकढीची बाटली घरीच राहिली होती. दारातून ऐकते तो बाई विचारताहेत, “काम काय करता?” आणि हे तोंड उघडून बसलेले. मला राहवले नाही. मी दारातूनच म्हटले, “तारऑफिसात आहेत, काउंटरला, पूर्वी मोर्सवर होते.” बाईंनी विचारले, “घरी कोण कोण?” मी म्हटले, “आम्ही दोघं आणि ही मुलगी, मूलबाळ नाही, देवाची इच्छा.” बाईंनी विचारले, “भूक कशी आहे?” मी म्हटले, “उत्तम, फक्त दुधी चालत नाही असं हल्ली कळलंय.” तेव्हा बाईंनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाल्या, “आपण कोण?”

“मी ह्यांची मंडळी.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि कागदावर आणखी एक ओळ लिहिली. “आता आपण बाहेर बसा. त्या बाकावर, मला दिसाल अशा.”

तेव्हा कुठे तुळसाला कंठ फुटला. “बाई, हे माझे काका आहेत हो! आणि ही माझी मावशी!” हे उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि डबा टेबलावर ठेवला. वाटले, आता मुलीचे काही खरे नाही. बाईंनी कागद फाडला नाही. एवढेच म्हणाल्या, “मग तर बरंच झालं. पेशंटचं दुखणं घरात सापडलं.” काय लिहिले होते ते मी तुला सांगणार नव्हते, पण तुळसा सांगितल्याशिवाय राहणार नाही. लिहिले होते, “वाचा उत्तम आहे. संधी नाही. पत्नीशी बोलावे.”

मी बाकावर जाऊन बसले. तोवर मिऱ्याच्या गाडीने भिकाजी आणि येसूबाई आली. बाईंनी भिकाजीला आत घेतले आणि येसूबाईला माझ्या शेजारी बसवले. आता तू कल्पना कर, एका बाकावर मी आणि येसूबाई, समोर उघडी खिडकी, आत तो म्हातारा आणि आपली मुलगी, आणि आम्ही बोलायचे नाही. येसूबाई उठायला बघायची, मी तिचा हात घट्ट धरला. मी उठायला बघितले तेव्हा तिने धरला. हे खांबाला टेकून उभे होते, ऑफिसला परत जायचे विसरले.

तुळसाने भिकाजीपुढे बांगड्याचे चित्र ठेवले. मुंबईहून आलेली चित्रे, छापील, रंग विटलेला. तिने विचारले, “आजोबा, हे काय आहे?” आणि ती गप्प राहिली. भिकाजीने तोंड उघडले, मिटले. मान हलवली. डोळे भरून आले त्याचे. मला खिडकीतून तुळसाचे ओठ दिसत होते, ‘बां’ येऊन ओठांवर थांबला होता. येसूबाई माझ्या कानाशी कुजबुजली, “बांगडा गो, बांगडा!” मी तिच्या तोंडावर पदर धरला. आणि तुळसाने, तो शब्द गिळायचा म्हणून, माळ अशी ओढली की दोराच तुटला. रुद्राक्ष खोलीभर उधळले. टेबलाखाली, नारळांत, यमुनाबाईंच्या पायांशी. कोणी हलले नाही. एक मणी गडगडत दारापर्यंत आला, उंबऱ्याला लागून थांबला. आता तिच्या हातात माळही नव्हती. नुसती थांबली होती.

भिकाजीने डाव्या हाताने ते चित्र उचलले. जवळ नेले. अक्का, त्याने त्याचा वास घेतला! लिलावात घेतात तसा. मग डोळे बारीक करून कल्ले बघितले, चित्र टेबलावर आपटले आणि दूर लोटले. आणि म्हणाला, “शि... शिळा.”

“शिळा!” पुन्हा म्हणाला, मोठ्याने, बाईंकडे बघून, जणू काय त्यांनीच तो विकायला आणला होता.

येसूबाई पदर झुगारून उठली. हसत होती की रडत होती कोण जाणे. “अगो बाय, ह्योच माझा घोव! असाच बोलायचा! लग्नाला गेलो तरी पयले माशांना नावं ठेवायचा!” मी रडत होते ते मात्र नक्की. हे खांबामागे तोंड करून होते. आत तुळसा हसून हसून टेबलावर डोके ठेवून बसली होती आणि भिकाजी तिला चित्र दाखवून पुन्हा पुन्हा सांगत होता, शिळा, शिळा, जणू ही फसवणूक चालणार नाही. त्याला बांगडा विचारला होता. त्याने त्याचे स्वतःचे उत्तर दिले.

संध्याकाळी बाई आमच्याकडे जेवल्या. (भरली वांगी केली. दुधी नाही.) मी, तुळसा आणि हे, तिघे ताटे समोर घेऊन निकालाची वाट बघत होतो. त्या सावकाश जेवल्या, नारळाची वडी खाल्ली, छान झालीय म्हणाल्या. वडी कुठल्या नारळांची ते मी सांगितले नाही. मग तुळसाला म्हणाल्या, “आज तू काही केलं नाहीस. तेवढं न करायला शिकायला मला फार वर्षं लागली.” बाई पुढे म्हणाल्या, “पत्रं लिहीत जा. आता मी समासात कमी लिहीन. माळ पुन्हा ओव, पण टेबलावर ठेव. लपवली की लोकांना मंत्र वाटतो.” आणि दवाखान्यात ‘नारळ घेतले जात नाहीत’ अशी पाटी लावायला सांगून त्या झोपायला गेल्या. या शेवटच्या गोष्टीवर माझा आणि त्यांचा मतभेद आहे, पण मी पाहुण्याला काही बोलले नाही.

तर निकाल असा आहे. तुझी मुलगी पास झाली. आपल्या घराण्यात गप्प राहायची परीक्षा पास झालेली ती पहिली. तेव्हा गाडीत बसवून देण्याचा प्रश्न येत नाही. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याचे लिही.

तुझी,
मालन

ता. क. – दादरच्या मुलाबद्दल मी काही म्हणत नाही, तुम्ही मोठी माणसे आहात. एवढेच सांगते की त्याला वर्षभर थांबायला सांग. थांबला तर चांगला मुलगा आहे असे समज. आणि तोवर तू एक कर, त्याला घरी बोलाव, एक प्रश्न विचार आणि तो बोलेपर्यंत तू गप्प राहा. तुला ते जमणार नाही, म्हणून सोबत माळ पाठवते आहे. पुन्हा ओवली आहे. एक मणी सापडला नाही, नारळाबरोबर गेला असावा. तुळसासाठी मी नवी घेणार आहे. (मी नवी घेणार आहे हे वाचून तू काय समजायचे ते समज. ही मुलगी मला इथे हवी आहे, अक्का.)

ता. क. २ – नवस काय तो सांगायचा राहिला. तुळसा पास झाली तर वर्षभर दर सोमवारी मी मौन पाळीन, असा बोलले होते. त्यावेळी बिनखर्चाचा वाटला. आज पहिला सोमवार. पत्र एवढे का लांबले ते आता तुझ्या ध्यानात आले असेल. सकाळपासून दूधवाला, शेजारीण आणि जिची म्हैस पान्हवत नाही ती बाई येऊन गेली आणि मी एकालाही काही बोलू शकले नाही. हे मात्र ऑफिसातून आल्यापासून बोलताहेत. पत्रात खाली दोन ओळी लिहायच्या म्हणतात. आजवर कधी लिहिल्या नाहीत, म्हणून जागा सोडते.

ती. सौ. अक्का यांस आत्मारामचा सा. नमस्कार. तुळसाला राहू द्यावे. पोर विचारते. बरे वाटते. सौ. सकाळपासून गप्प आहे. घर ओळखू येत नाही. करमत नाही. वेळणेश्वराच्या गुरवांना नवस बदलून मिळतो का, कृपया परस्पर विचारावे. खर्च मी देईन. सौ.ला कळवू नये.

(मी वाचले आहे. उद्या सकाळी बोलते. – मालन)